चौथ्या ग्रीनजवळची निलगिरी

१६ मे, गुरुवार

आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहिते आहे. आधी फक्त जे घडलं ते.

१. मंगळवारी दुपारी चौथ्या ग्रीनजवळची थोरली निलगिरी पडली.

२. वारा नव्हता. क्लबहाउसवरचा झेंडा काठीला चिकटून होता.

३. उन्हाळी डागडुजीमुळे गोल्फचं मैदान खेळणाऱ्यांना बंद होतं. पहिल्या तीन ग्रीनच्या बारीक कापलेल्या गवताला हवा मिळावी म्हणून भोकं पाडून वाळू भरून झाली होती. चौथ्याच्या कडेला नवी रोपं लावायची होती.

४. भोंगा, तुझाच ट्रॅक्टरवाला, ट्रॅक्टरच्या गिरमिटाने रोपांचे खड्डे पाडत होता.

५. झाड मुळासकट आडवं झालं आणि ट्रॅक्टरवर आलं. त्याचा उजवा पाय खाली सापडला.

६. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जीव वाचला आहे.

७. मी हाकेच्या अंतरावर होते. मला काहीही झालेलं नाही.

एवढं मोठं झाड पडताना कडाडून आवाज होत असेल असं मला वाटायचं. झाला नाही. जमिनीच्या आतून जुनी चादर फाटल्यासारखा आवाज आला, आणि मग धूळ. भोंगा ओरडला नाही. ज्याने शेडमधून ‘चहा’ म्हटलं की क्लबहाउसच्या छपरावरची कबुतरं उडतात, तो माणूस ओरडला नाही. ‘बाई, इंजिन बंद करा,’ एवढंच तो हळू आवाजात म्हणाला. मी केलं. त्यानंतर मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही, लोकांनी सांगितलं म्हणून माहीत आहे.

क्लबच्या सेक्रेटरींचं मत झालेलं आहे. गिरमिटाने मूळ तोडलं, चूक ड्रायव्हरची. शनिवारी, ८ जूनला, कमिटीपुढे चौकशी आहे. त्यांनी हेच ठरवलं तर भोंग्याला काढून टाकतील, आणि शेडमागची खोली बायको-मुलीसह सोडावी लागेल. तेही एका पायावर.

मैदान तुझ्या हातात होतं त्या काळात त्या झाडाजवळ कधी खोदकाम झालं होतं का? नकाशात काही दिसत नाही.

तुझी
भाची

⁂

१९ मे

फूटपट्टे,

पत्र हातात घेतलं आणि खालीच बसले. सूनबाईला वाटलं मला चक्कर आली. पाणी घेऊन धावली, तिला म्हटलं, अगं पाणी नको, माझा भोंगा आडवा झालाय. तिला काय कळणार!

तो आला तेव्हा मिसरूड फुटली नव्हती. पहिल्याच दिवशी त्याने रोलर सातव्याच्या वाळूच्या खड्ड्यात घातला आणि वर मलाच म्हणाला, ‘मोठ्या बाई, खड्डा आधी सांगायचा ना.’ त्याचा आवाज ऐकून मी कानात बोळे घालायचे. आता बोळ्यांशिवायच काही ऐकू येत नाही. त्याला माझं सांग, म्हणावं, म्हातारी विचारत होती. त्याची मुलगी आता केवढी झाली असेल? शाळेत नीट जाते ना?

आणि तू? ‘मला काहीही झालेलं नाही’ हे सातव्या क्रमांकावर लिहायची गोष्ट आहे का गं? लहानपणी जिन्यावरून पडलीस तेव्हाही तू आधी किती पायऱ्या ते सांगितलंस आणि मग रडलीस. या वेळी रडलीस का? रडून घे.

झाडाचं म्हणशील तर म्हाताऱ्या निलगिरीचा भरवसा नाही. पोटातून पोखरते, वरून हिरवीगार. मी कमिटीला कानीकपाळी ओरडून सांगायचे, म्हातारी पडायच्या आत तरणी झाडं उभी करा. ऐकलं तर शपथ. आता लावतायत. सेक्रेटरींचं पत्र आलंय मला, त्या नव्या रांगेला माझं नाव देणार आहेत म्हणे, पाटीसह. माणसाची पाटी लागली की समजावं, आपलं काम संपलं.

गिरमिट बुंध्याच्या फार जवळ आलं होतं का, ते मात्र बघ. भोंगा कधीकधी घाई करतो.

मुळं उकरत बसू नकोस. वाळूचं काम उरक, भर उन्हात उघडी भोकं ठेवलीस तर गवत करपेल.

आत्या

⁂

२२ मे

आत्या,

मुळं उकरली.

दोन माणसं घेऊन सगळा बुंधा मोकळा केला. गिरमिटाचा सगळ्यांत जवळचा खड्डा बुंध्यापासून बराच लांब आहे. त्यात पेन्सिलीएवढी मुळं तुटलेली आहेत, त्याहून जाड एकही नाही. लाकूड निरोगी आहे, पोखरलेलं नाही.

ग्रीनच्या बाजूची सगळी जाड मुळं मात्र एका सरळ रेषेत संपतात. झाडाची मुळं सरळ रेषेत संपत नाहीत. त्या रेषेवर मुळं अडवायचा जाड काळा प्लॅस्टिकचा पत्रा उभा पुरलेला आहे. कापलेली टोकं भरून आली आहेत, गाठी धरल्या आहेत. म्हणजे हे काम जुनं आहे. माझ्या आधीचं.

काल हॉस्पिटलात गेले होते. भोंग्याची खाट खिडकीकडे आहे. बायको स्टुलावर बसून त्याची दाढी करत होती. मला बघून तो म्हणाला, ‘या, धाकट्या बाई. डॉक्टरांनी नेमका ब्रेकचा पाय काढला. क्लचचा ठेवला. आता मी नुसता गिअर बदलत राहणार, थांबणार नाही.’

बायको म्हणाली, ‘हलू नका, कापेल.’

‘अजून काय कापायचं राहिलंय?’

मग ती पाणी आणायला गेली तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘बाई, माझ्याच हातून झालं. पात्याला काहीतरी लागलं होतं. मीच मूळ तोडलं असणार.’

मी म्हटलं, ‘तुम्ही तोडलेलं नाही. मी बघितलं आहे. तिथे एक जुना चर आहे. तो कोणी खणला, माहीत आहे?’

त्याने गालावरचा साबण टॉवेलने पुसला. मग म्हणाला, ‘सोडा हो बाई. साहेब लोक म्हणतात मी, तर मी.’

मी तुझ्याशी आडून बोलणार नाही. तो चर तुझा आहे का? हो किंवा नाही.

भाची

⁂

२५ मे

हो.

आता पुढचं ऐक, आणि ऐकताना माझ्याकडे आरोपीकडे बघतात तसं बघू नकोस.

चौथं ग्रीन मरत होतं. तुला ते आता गालिच्यासारखं मिळालं, मला मिळालं तेव्हा तिथे शेवाळ होतं. त्या झाडाची सावली आणि त्याची मुळं, दोन्ही ग्रीनवर. पाणी घालावं ते निलगिरीच्या पोटात. कमिटीचा नियम तुला पाठ आहे, पहिल्या अध्यक्षांनी लावलेल्या झाडाला, जिवंत आहे तोवर, हात लावायचा नाही. फांदीला नाही, मुळालाही नाही. मी अर्ज केले, हातापाया पडले. ‘बाई, झाडं बोलत नाहीत म्हणून त्यांच्यावर अन्याय नको,’ असं एकजण सिगार ओढत म्हणाला होता. आणि दर सीझनला तोच विचारायचा, चौथ्यावर चेंडू उड्या का मारतो?

म्हणून एका उन्हाळ्यात, मैदान बंद असताना, मी ग्रीनच्या बाजूने चर खणला, मुळं छाटली, पत्रा उभा केला, बुजवला, वर गवत बसवलं. कोणाला सांगितलं नाही. जगात प्रत्येक ग्रीनवाला हे करतो. आणि मी एकाच बाजूने केलं. एका बाजूची मुळं गेली तर झाड बाकीच्या तिन्ही बाजूंनी धरून राहतं, हे मीच तुला शिकवलं, माझ्या स्वयंपाकघरात, वाटी आणि चार काड्या घेऊन. पुढे तू तेच पुस्तकातून शिकून आलीस आणि मला सांगितलंस, आत्या, तू बरोबर होतीस.

माझ्या चरानंतर ते झाड कितीक वादळं बघून उभं राहिलं. त्या मोठ्या वादळात क्लबहाउसचे पत्रे उडाले, झाडाचं पान हललं असेल तेवढंच. मग आता, वारा नसताना, का पडलं?

तू पत्रात ग्रीनच्या बाजूचं लिहिलंस. गिरमिटाचं लिहिलंस. पलीकडच्या, रस्त्याच्या बाजूला काय सापडलं? ‘सगळा बुंधा मोकळा केला’ म्हणतेस, आणि सांगतेस अर्धा. तू अर्धं लिहिणारी मुलगी नव्हेस.

आत्या

⁂

२८ मे

आत्या,

पलीकडच्या बाजूला माझा चर आहे.

गेल्या हिवाळ्यात नवी पाण्याची लाइन टाकली. जुन्या पाइपला जागोजाग ठिगळं होती, ते तुलाही माहीत आहे. नवी लाइन झाडाच्या रस्त्याकडच्या बाजूने नेली. ग्रीनच्या बाजूने नेली असती तर ग्रीन उकरावं लागलं असतं. वाटेत चार जाड मुळं आली. ती मी कापायला सांगितली. कापण्याआधी हिशेब केला होता. एक बाजू जाणार, तीन राहणार. झाड सुरक्षित. तो हिशेब मी काल परत केला. तो बरोबर आहे. फक्त त्यात ज्या तीन बाजू धरल्या आहेत, त्यांतली एक नव्हती.

माझ्या पहिल्या पत्रात हे नाही, कारण त्या दिवशी ते मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. दुसऱ्या पत्रात हे नाही, कारण तोपर्यंत मी ते बघितलेलं होतं. दोन्हींत फरक आहे. तो तुला कळेल.

मुळांची दोन्ही टोकं मी हातात धरून बघितली. तुझी गाठाळलेली, माझी अजून पिवळी. झाड उरलेल्या दोन बाजूंवर कसंबसं उभं होतं. गिरमिटाने जमीन थरथरली, एवढंच त्याला पुरलं. आपण दोघींनी स्वतंत्रपणे, एक बाजू गेली तरी चालते या हिशेबाला धरून, एकाच झाडाच्या दोन बाजू कापल्या. मला यावर काय वाटायला हवं ते अजून कळत नाही. जेवताना चमचा हातात राहतो आणि मी त्याच्याकडे बघत बसते.

काम हातात घेतलं तेव्हा तू म्हणाली होतीस, अठराही ग्रीन तुझ्याबरोबर पायी फिरते, एकेक गोष्ट सांगते. आपण तिसऱ्यापर्यंत आलो. मी म्हटलं, बाकीचं नकाशात आहे. शेडमधले लोक आधीच ‘आत्याची वशिल्याची’ म्हणत होते. तुझ्या मागे वही घेऊन फिरताना मला दिसायचं नव्हतं.

नकाशात तुझा चर नव्हता. कारण तू तो लपवला होतास. हेही खरं आहे, आणि पहिलंही खरं आहे.

मी कमिटीला दोन्ही चर सांगणार आहे. एकट्या माझ्या चराने भोंगा सुटणार नाही. एका बाजूच्या चराने निरोगी झाड पडत नाही, हे त्यांना कोणीही इंजिनिअर सांगेल, आणि बोट परत गिरमिटाकडे वळेल. दोन्ही सांगितले तरच ते झाड का पडलं ते कळतं.

सेक्रेटरींना मी काल तोंडी विचारलं, नवी माहिती मिळाली तर चौकशीत घेणार का? ते म्हणाले, ‘माहिती कसली? ड्रायव्हरने कबूल केलंय. तुम्ही मैदान वेळेवर उघडा. तुमचं काम ते आहे.’

मला तुझं उत्तर हवं आहे, सल्ला नको.

भाची

⁂

३१ मे

बाळा,

तू कधी तरी मला ‘काय वाटायला हवं ते कळत नाही’ असं लिहिशील, असं वाटलं नव्हतं. तुझ्या बापाला दाखवलं असतं तर त्याने फ्रेम करून लावलं असतं. हसायची वेळ नाही, पण रडायचा मला कंटाळा आलाय.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. चर खणायला ट्रॅक्टरवर कोण होतं?

तोच. दुसरं कोण? उन्हाळ्यात बाकीचे गावी जायचे, तो राहायचा. मी रेघ आखून दिली, त्याने चर ओढला. आणि मी त्याला माझ्या गळ्याची शपथ घातली, की हे कोणाला सांगायचं नाही, नव्या बाई आल्या तरी नाही. तो हसला. म्हणाला, ‘मोठ्या बाई, माझा आवाज मोठा, पण तोंड छोटं आहे.’

म्हणजे तुझाही चर त्यानेच ओढला असणार. तू आखून दिलेल्या रेघेवर. आपण दोघींनी आखलेल्या रेघांवर एकच माणूस ट्रॅक्टर घेऊन गेला, आणि शेवटी झाड त्याच्यावर पडलं. रात्री मला झोप लागत नाही ते यामुळे. तू लिहिलंस, तो ‘साहेब लोक म्हणतात मी, तर मी’ म्हणाला. तो साहेबांसाठी नाही म्हणाला गं. माझ्यासाठी म्हणाला.

आता माझी विनंती आहे, आणि तू ती वाचून दगड होऊ नकोस. माझा चर सांगू नकोस.

माझं काय राहिलंय तिथे? आयुष्यभर लोक म्हणायचे, बाईमाणसाला गवतातलं काय कळतं, आणि मी अठरा ग्रीन हातात तोलून उभी राहिले. आता एक पाटी लागतेय. मुलगा मला घेऊन येणार आहे ती बघायला, त्याने सुट्टीही काढली आहे. ते तसंच राहू दे. कमिटी म्हणेल, म्हातारीने गुपचूप झाड मारलं. पाटी राहू दे बाजूला, माझं नाव क्लबच्या गेटवर घ्यायचं नाही असं होईल.

आणि भोंग्याचं आपण बघू. त्याच्या मुलीला मी इकडे आणते, माझ्याजवळ राहील, शिकेल. त्याची बायको सूनबाईच्या मदतीला येईल. तूही नोकरीत राहशील, तूच राहिलीस तर पुढे त्याला आत घेता येईल. विचार कर. तुझा चर सांगून तू गेलीस, माझा सांगून मी गेले, मग त्याच्यासाठी कोण उरलं?

मी शहाणपणाचंच सांगतेय. हट्ट करू नकोस.

आत्या

⁂

३ जून, सोमवार

आत्या,

तुझं पत्र वाचून मी ते पाकिटात परत घातलं, शेडमध्ये गेले आणि कापणीच्या यंत्राची पाती धुतली. ती आधीच धुतलेली होती.

मला धक्का तुझ्या चराचा बसला नाही. तो मी समजू शकते. कदाचित मीही खणला असता. धक्का बसला तो शेवटच्या दोन परिच्छेदांचा. तू त्यात सगळ्यांची सोय लावलीस. मुलगी तुझ्याकडे, बायको सूनबाईकडे, मी नोकरीत, पाटी जागेवर. भोंगा कुठे, ते लिहिलं नाहीस. मी ते परत शोधलं, नाही सापडलं.

मी काल त्याच्याकडे गेले. या वेळी त्याच्या बायकोसमोर बोलले. दोन्ही चरांचं सांगितलं, माझं आधी. माझा चर त्याने ओढला हे मला माहीतच होतं; तुझाही त्यानेच ओढला, हे मी विचारलं नाही, सरळ म्हटलं.

‘शपथ मी मोडलेली नाही,’ तो म्हणाला. ‘तुम्ही उकरून काढलंत. हे त्यांना सांगा.’

‘तुम्हाला माझ्या रेघेवर जाताना आठवलं नाही? पलीकडचा चर?’

‘आठवला की. पण बाई, मोठ्या बाईंनी काही केलं तर बरोबरच असणार, तुम्ही काही केलं तर बरोबरच असणार. मी कशाला मध्ये पडू? मला वाटलं, दोघी एका घरच्या. आपसांत बोलल्याच असतील.’

त्याची बायको उभी राहिली. ती कधी मोठ्याने बोललेली मी ऐकलं नव्हतं. ‘बोलल्याच असतील!’ ती म्हणाली. ‘ह्यांना दोघींनी शपथा घाला, रेघा आखून द्या, आणि पाय गेला की पाटी लावा. आम्हाला त्या खोलीतून काढलंत तर मी ती पाटी उपटून चुलीत घालीन, बाई, तुम्ही इंजिनिअर असा नाहीतर कोणी.’

‘अगं, गप्प,’ भोंगा म्हणाला. मग मला: ‘मोठ्या बाईंचं नाव नका येऊ देऊ. पाय काही परत उगवणार नाही.’

मी त्याला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बाहेर येऊन मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. एक नर्स म्हणाली, ताई, बसा. मी बसले.

तू विचारलंस की मी गेल्यावर त्याच्यासाठी कोण उरेल. त्याला आपण उरायला नको आहोत. त्याला चौकशीत ‘चूक ड्रायव्हरची नाही’ हे वाक्य हवं आहे. ते लिहिलं गेलं तर त्याला काढता येत नाही, खोली जात नाही, आणि एका पायाने जमेल असं शेडमधलं काम त्याला द्यावं लागतं. मी वकिलाला विचारलं. ते वाक्य फक्त आपणच मिळवून देऊ शकतो, आणि दोघींनी मिळूनच. तुझ्याकडे राहायला गेलेली मुलगी हा त्याचा पर्याय नाही.

माझा कागद मी आज सेक्रेटरींना दिला. त्यात माझा चर आहे, तारीख, खोली आणि फोटो. सेक्रेटरींनी तो वाचला आणि चष्मा काढला. ‘तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय देताय?’ म्हणाले. मी म्हटलं, पोच द्या. त्यांनी सही केली. मला जावं लागणार; माझ्या जागेवर दुसरं कोणी येईपर्यंत मी मैदान सांभाळायचं आहे. वाळू भरून झाली आहे. चौथ्याच्या कडेची रोपं मी लावलेली नाहीत.

तुझा चर मी वेगळ्या कागदावर लिहिला आहे. तो दिलेला नाही. मी तो दिला तर तू ‘पकडली गेलेली’ होशील. तू स्वतः येऊन सांगितलंस तर नाही होणार. भोंगा तेव्हा तुझ्या तोंडून ऐकेल, की शपथ तू सोडवलीस. मला वाटतं त्याला तेच हवं आहे, पण ते माझं अनुमान आहे.

हे मी तुझ्यावर रागावून लिहीत नाही. मी रागावलेली आहे, पण ते वेगळं. माझ्या खोलीत दुसरी खाट घातली आहे. स्टेशनवर मी घ्यायला येईन. तू आली नाहीस तर शनिवारी सकाळी चौकशीआधी तुझा कागदही मी देणार आहे.

येणार की नाही, एवढंच लिही. उत्तर मला गुरुवारपर्यंत, ६ जूनपर्यंत, मिळायला हवं.

भाची